रंगाचा रकाना

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझी ताई तुझ्याकडे पोचून आज सहा दिवस झाले. फोनवर ती ठीक आहे यापलीकडे शब्द काढत नाही, आणि मलाही फोनवर काही सुचत नाही. चाळीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली. ओळ समोर दिसल्याशिवाय माझं डोकं चालत नाही. म्हणून हे पत्र. नेहमीची शाई संपली होती. छापखाना बंद झाला तेव्हा घरी आणलेली काळ्या शाईची दौत कपाटाच्या तळाशी सापडली, तिनेच लिहितो आहे. नवी आणायला गेलोही असतो, पण कुलूप लागलं की नाही या शंकेने मी कोपऱ्यावरून दोनदा परत येतो आणि मग जाणंच राहून जातं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नक्की कधी? मोतीबिंदू पिकून दगड झालाय, दोन वर्षं आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं तू सांगितलंस. ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. डोळ्यात थेंब घालणारी बाई आधी हात धुते का, एवढं बघ.

आता कामाचं. (इथून पुढचं ताईला वाचून दाखवू नकोस.) तुला ठाऊकच आहे, आम्ही दोघं वर्षातून एकदा, लग्नाच्या तारखेसाठी, घरी दहा लिटर बिअर करतो. छापखान्यातल्या मशीनवाल्याने शिकवलेली विद्या. भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, गरम पाण्यात तासभर मुरवायचं, रस गाळून हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळायचा, गार करून यीस्ट घालायचं, आणि पुढे महिना-सव्वा महिना बाटल्यांकडे संशयाने बघत बसायचं. खरी मेख मुरवण्यात आहे. तिथलं पाणी हवं तेवढंच आंबट लागतं. पीएच ५.२ ते ५.६ च्या दरम्यान. आकडा वर गेला, म्हणजे आंबटपणा कमी पडला, की माल्टच्या टरफलातला तुरटपणा रसात उतरतो. म्हणून कागदाची पट्टी बुडवायची, रंग बघायचा, आणि गरज असेल तसे लॅक्टिक आम्लाचे थेंब टाकायचे.

गेली दोन वर्षं बिअर तुरट झाली. गॅसवर विसरलेल्या चहासारखी जीभ ओढायची. तुझी ताई म्हणाली छान झालीय, मी म्हणालो छान झालीय, आणि आम्ही दोघांनी ती औषधासारखी संपवली. मला वाटलं, वयाबरोबर माझी जीभ गेली. या खेपेला ती नाही, तर मी एकट्यानेच करून बघणार आहे. ती परत येईल तेव्हा तिच्या हातात एक तरी धड ग्लास द्यावा, एवढीच इच्छा. तू शाळेच्या प्रयोगशाळेत जन्म घालवलास, आम्लं म्हणजे तुझ्या माहेरची माणसं. काय चुकतंय ते सांग.

लोभ आहेच, त्याला झाकण लावून ठेव म्हणजे उडून जाणार नाही.

तुझा,
भावोजी


दि. ९ फेब्रुवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उघडलं आणि मला एकदम शाळेतल्या तपासलेल्या वह्या आठवल्या. का, ते ताई बरी झाली की तीच सांगेल. मी कशाला त्यात तोंड घालू.

ऑपरेशन सोमवारी झालं. डोळ्याला सूज आहे, ती उतरायला बरेच आठवडे लागतील. तोवर वाचायचं नाही, लिहायचं नाही, वाकायचं नाही. तिसऱ्या गोष्टीला ताई कधीच तयार नव्हती, त्यामुळे ती सोपी गेली. थेंब मी घालते. हात धुते. तुमच्यासारख्या माणसाची पत्रं वाचल्यावर दोनदा धुते.

कंसातला मजकूरही मी तिला वाचून दाखवला. काळा चष्मा तिच्या डोळ्यांवर आहे, कानांवर नाही. गाळायला गेले की माझा आवाज बदलतो आणि ती पकडते. बिअर तुरट होती हे ऐकून ती इतकी हसली की मला तिला धरून बसवावं लागलं. तिलाही तुरटच लागत होती म्हणे. तिला वाटलं, तुम्हाला आवडते आहे तर कशाला हिरमोड करा.

आता तीन प्रश्न. पाणी कुठून येतं, आणि अलीकडे बदललं का? किटलीत पांढरा थर धरतो का? आणि पट्टीचा रंग नेमका कोणता येतो? तिसऱ्याचं उत्तर नीट द्या, त्यावर सगळं आहे.

लोभाला झाकण लावलं आहे. हलवून बघू नका.

तुमची,
धाकटी


दि. १४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

ऑपरेशन झालं हे मला तिसऱ्या परिच्छेदात कळलं असतं तर मी दुसऱ्यातच गेलो असतो. पुढच्या वेळी डोळ्याची बातमी सगळ्यात वर लिही, टोमणे खाली.

पाणी बदललं आहे. आधी तलावाचं यायचं, दोन वर्षांपूर्वीपासून खोल विंधणविहिरीचं येतं. किटलीच्या आत पांढरं कवच आहे, नखाने निघत नाही. अंघोळीला साबण फेसाळत नाही. मला वाटत होतं साबणच हलका यायला लागला.

काल लहान पातेल्यात तीन लिटरची चाचणी घेतली. वहीत पूर्वी लिहिलेल्या हिशेबानेच आम्ल टाकलं. रस गाळून चाखला. तोच तुरटपणा. सगळा मोरीत ओतला आणि मोरीशीच अर्धा तास बसून राहिलो.

पट्टीचा रंग नेहमीसारखाच होता.

घरात सगळं नीट आहे. दूधवाला एकदा बेल वाजवून गेला, मी तेव्हा गॅस बंद आहे का ते बघत होतो. बंद होता. तुझ्या ताईची उशी तिच्या जागेवर आहे. ती तिथे झोपेत कण्हते का? इथे कण्हायची. मी उठवायचो नाही. उठवायला हवं होतं का?

लोभ असू दे, थोडा माझ्याकडचाही उसना घे.

तुझा,
भावोजी


दि. १९ फेब्रुवारी

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

डोळा बरा आहे. (बातमी वर लिहिली आहे, नोंद घ्यावी.) सूज उतरते आहे. समोर कोणी बसलंय हे कळतं, कोण ते कळत नाही. झोपेत कण्हत नाही. हुकूम सोडते.

पाण्याचं कोडं सुटलं. तुमच्या नव्या पाण्यात चुन्याचा अंश जास्त आहे, तो आम्लाला खाऊन टाकतो. पूर्वीच्या पाण्याला जेवढे थेंब पुरत तेवढे याला पुरणार नाहीत. कदाचित दुप्पट लागतील. पण किती, ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही. अंदाजाने ओतलंत तर बिअरचं लोणचं होईल.

नेहमीसारखा, हा काही रंग नाही भावोजी. पस्तीस वर्षं मी मुलांच्या हातातल्या परीक्षानळ्या बघितल्या आहेत. प्रश्न टाळणारा मुलगा मला वासावरून कळतो. मी ताईला म्हटलं, यांना रंग विचारते तर हे साबणाची गोष्ट सांगतात.  ती म्हणाली की त्यांना रंग विचारू नकोस. का, ते काही केल्या सांगेना. माझ्या सख्ख्या बहिणीने माझ्यापासून काही लपवलंय हे मला या वयात कळावं, हा मोठाच धक्का.

मी विचारत नाही. पट्टीचा नाद सोडा. शाळेतून निवृत्त होताना मिळालेलं पीएच मोजायचं छोटं यंत्र पार्सलने पाठवते आहे. पेनाएवढं आहे. टोक रसात बुडवलं की आकडा दिसतो. सोबत ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या दोन लहान बाटल्या आहेत, एक सातची, एक चारची; आधी त्यांत बुडवून यंत्र बरोबर दाखवतं का ते पडताळा. आणि गरम रसात टोक घालू नका. दोन चमचे रस बशीत काढा, गार होऊ द्या, मग मोजा.

लोभ मोजून पाठवला आहे, पाचच्या वर आहे.

तुमची,
धाकटी


दि. २६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

यंत्र मिळालं. आधी गुन्हा कबूल करतो. पडताळणी झाल्यावर मी ते धुतलं, जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने टोक खडखडीत पुसलं, कापसात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. काम झालं की प्रत्येक खिळा कोरडा करून पेटीतल्या त्याच्या घरात टाकायचा, हेच हाताला माहीत. आज काढलं तर आकडा एका जागी ठरेना. चार, सहा, साडेपाच. माझ्यासारखंच घाबरून गेलंय. मोडलं असेल तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

दुसरा गुन्हा जुना आहे. तुझ्या ताईने तुला सांगितलं नाही, आता मीच सांगतो. मला रंग कळत नाहीत. सगळे नव्हेत; निळा कळतो, पिवळा कळतो. पण लाल, हिरवा, तपकिरी यांचा माझ्या डोळ्यात एकच चिखल होतो, आणि गडद लाल तर मला काळाच दिसतो. त्या पट्टीवर जे काही उमटतं ते मला सगळं एकच. पट्टी नेहमी तिने वाचली. ती आकडा म्हणायची, मी थेंब टाकायचो.

आमचं जमलं तेही यातूनच. मी छापखान्यात नवा होतो, ती बांधणी खात्यात पुस्तकं शिवायची. एके दिवशी मशीनवाला आला नव्हता आणि मालकांनी मला एका मुखपृष्ठाला हिरवी शाई भरायला सांगितली. मी लाल भरली. सातशे प्रती निघाल्यावर मालकांनी बघितलं. नोकरी गेलीच होती. तेवढ्यात ही मागून पुढे आली आणि म्हणाली की शाईच्या डब्यावरची चिठ्ठी तिच्याच हातून गळून पडली, चूक तिची. चिठ्ठी कधी नव्हतीच. मालक तिला नको नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर प्रत्येक डब्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती. मला एका शब्दाने तिने विचारलं नाही. पंचेचाळीस वर्षं झाली, कोणाला सांगितलंही नाही.

हे तिला वाचून दाखव किंवा नको, तू ऐकणार थोडीच आहेस.

लोभ आहे तसा राहू दे, यंत्र मोडलं असलं तरी.

तुझा,
भावोजी


दि. ३ मार्च

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

डोळा बरा. यंत्र मोडलेलं नाही. त्याचं टोक ओलं राहायला हवं. चारच्या बाटलीतलं थोडं पाणी टोपणात घालून टोक रात्रभर त्यात राहू द्या, शुद्धीवर येईल. ते खिळा नाही, मासा आहे असं समजा.

आता थट्टा बाजूला ठेवून लिहिते. तुमचं पत्र मी ताईला सबंध वाचून दाखवलं. चिठ्ठ्यांच्या गोष्टीपाशी मलाच थांबून डोळे पुसावे लागले, ती मात्र पुढे वाच म्हणाली. मग विचारलं, यंत्रावर आकडा स्वच्छ दिसतो ना, त्यांना वाचता येतो ना. मी हो म्हटलं. संध्याकाळी जेवली नाही. खिडकीशी बसून म्हणाली की बरं झालं, आता तिथे माझं काय काम.

भावोजी, ती डावा डोळा करून घ्यायचा नाही म्हणते आहे. इथेच राहते म्हणते. अर्धं दिसणारं माणूस घरात, त्याला हात धरून फिरवायचं, आणि तुम्ही आधीच शंकेखोर, तुम्हाला आणखी ताप कशाला, असं तिचं म्हणणं. मी समजावून थकले. मला ती इथे जन्मभर हवीच आहे, पण अशी नको.

तिने हे तुम्हाला कळवू नकोस म्हणून सांगितलं आहे. आमच्या घराण्यात हे चालतच नाही, हे तुम्हाला आता माहीत झालंय.

लोभ आहे. लवकर लिहा.

तुमची,
धाकटी


दि. १२ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र तिला वाचून दाखव. हळू वाच. टोमणे घालू नकोस.

परवा बिअर घातली. यंत्र रात्रभर पाजून शुद्धीवर आणलं होतं. दहा लिटर पाणी, अडीच किलो माल्ट, सगळं वहीप्रमाणे. मुरवायला ठेवून दहा मिनिटांनी दोन चमचे बशीत काढले, फुंकर घालत बसलो. वहीतले वीस थेंब आधीच पडले होते. यंत्र म्हणालं ५.८. म्हणजे गेली दोन वर्षं आम्ही इथेच थांबत होतो. आणखी पंधरा टाकले, ढवळलं, पुन्हा बशी. ५.६. खुर्चीवर बसून पुढचे दहा मोजले, मोठ्याने, शेजारच्या शिंप्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ५.४. एक तास मुरल्यावर चाखला. नुसता गोड, माल्टचा. जिभेवर ओढ नाही. मला एकट्याला आनंद करता येईना, म्हणून शिंप्याला बोलावून एक चमचा पाजला. तो म्हणाला, यात साखर जास्त झालीय. त्याला काय कळतंय.

मग वही काढली. आमच्या वहीत तारीख, थेंब, आकडा, आणि शेवटी रंग, असे रकाने आहेत. रंगाचा रकाना तुझी ताई भरते. बिअर तयार झाली की ती ग्लास खिडकीशी धरते आणि मला कळेल असं काहीतरी लिहिते. रंगाचं नाव कधीच नाही. एका वर्षी लिहिलंय, पावाची कड करपायच्या आधी एक मिनिट. एका वर्षी, पितळी कडी, हात लागून लागून उजळलेली. एका वर्षी, आपल्या जुन्या मांजरीचं पोट. मला त्यातून दिसतं. खरोखर दिसतं.

शेवटच्या दोन ओळींत तिने लिहिलंय, मागच्यासारखाच. दोन्ही वर्षी. अक्षरही रेघेखाली घसरलेलं.

मी खिळे जुळवणारा माणूस, धाकटे. एक अक्षर उलटं पडलेलं मला चार हातांवरून दिसतं. ते मागच्यासारखाच मला पहिल्याच वर्षी दिसलं. तिला दिसत नाही हे मला त्याच दिवशी कळलं. पट्टी न दिसताच ती आकडा सांगते आहे हेही कळलं. मी बोललो नाही. बोललो असतो तर डॉक्टरकडे न्यावं लागलं असतं, आणि डॉक्टर काय सांगतील याची मला भीती वाटली. मी कुलूप दोनदा बघतो, गॅस तीनदा बघतो, आणि जे खरंच बघायला हवं होतं त्याच्याकडे पाठ केली. दोन वर्षं. डोळा दगड झाला तो माझ्या भित्रेपणाने.

तिने माझ्यासाठी मालकांची बोलणी खाल्ली. मला तिच्यासाठी एक वाक्य बोलवलं नाही.

यंत्राला आकडा कळतो. या खेपेचा आकडा मी स्वतः लिहिला आहे. पुढचा रकाना रिकामा आहे. तो मला भरता येत नाही आणि यंत्रालाही येत नाही. तिला एका डोळ्याने दिसलं तर एका डोळ्याने भरावा. काहीच दिसलं नाही तर तिने घरात बसून सांगावं की दिसत नाही, मी तसं लिहीन. पण पुन्हा मागच्यासारखाच लिहायचं नाही. हात धरून फिरवायचं म्हणत असेल, तर पंचेचाळीस वर्षं कोण कोणाला फिरवत होतं?

डावा डोळा करून घे म्हणावं. मी भीतोच आहे, भीत भीत येईन आणि बाहेर बाकावर बसेन.

लोभ मागण्याचं तोंड नाही. तरी मागतो.

तुझा,
भावोजी


दि. १९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ. वि. वि.

डावा डोळा झाला त्या दिवशी मला बाकावरून हाकलून चहा प्यायला पाठवलंस, त्याबद्दल राग नाही. तिला बघून आलो, पण काळ्या चष्म्यातून तिने मला बघितलं की नाही कळलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही. उद्या चष्मा निघणार असं तू म्हणालीस. कालपासून मी कॅलेंडरवरची तारीख तीनदा बघून आलो.

शेजारचा शिंपी कामासाठी तुमच्या गावी येतो आहे, त्याच्याबरोबर एक बाटली पाठवतो. पांढऱ्या काचेची मुद्दाम घेतली. माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळली आहे, उभीच ठेवायची, हलवायची नाही, उन्हात तर मुळीच नाही. त्याला हे अकरा वेळा सांगितलं. बाराव्या वेळी तो माझ्याकडे असं बघायला लागला की मी घरात आलो.

मी चाखलेली नाही. पहिला घोट तिचा.

लोभ स्वेटरच्या खिशात आहे.

तुझा,
भावोजी


दि. २३ एप्रिल

अहो,
सा. न. वि. वि.

अक्षर मोठं आहे, हसू नका. डॉक्टरांनी रोज एक पान लिहायची परवानगी दिली आहे. हे चार दिवसांचं पत्र आहे.

दिसतं. डाव्याने स्वच्छ, उजव्याने कडा थोड्या विरघळलेल्या. तेवढे तर तुमचे रंगही विरघळलेलेच आहेत. धाकटी इतकी म्हातारी झालीय हे मला कोणी कळवलं नव्हतं.

दोन वर्षं तुम्ही बोलला नाहीत, दोन वर्षं मीही बोलले नाही. मला पट्टी दिसेना, तेव्हा वाटलं की यांना सांगितलं तर हे झोपायचे नाहीत. तुम्ही न सांगताही झोपत नव्हताच, हे मला आता कळतंय. तुमचं वाक्य तेवढं राहून गेलं आणि माझं नाही, असं कोणी सांगितलं? निम्मं तुरट माझ्या वाटचं.

बाटली उघडली. फेस छान धरला. धाकटीला अर्धा ग्लास दिला, ती दुसरा मागते आहे. जीभ ओढत नाही. गिळल्यावर बारीकशी आंबट चव येते आणि निघून जाते, हवी तेवढीच. सुरुवातीच्या वर्षांत अशी व्हायची. ग्लास खिडकीशी धरला. लिहून घ्या, रकान्यात लिहा: सकाळी आठ वाजता आपल्या स्वयंपाकघराच्या फरशीवर ऊन येतं, तुमच्या पायापर्यंत येऊन थांबतं, ते. पुढे हेही लिहा: मागच्यासारखा मुळीच नाही.

आता एक राहिलं. चष्मा निघाल्यावर मी पहिल्यांदा तुमची सगळी पत्रं मागून घेतली. धाकटीने गठ्ठा हातात दिला आणि तोंडाला पदर लावून बाहेर गेली. अहो, ती काळ्या शाईची दौत नाही. छापखान्यातली मुद्रितं तपासायची ती लाल शाई आहे. पहिल्या पत्रापासून शेवटच्यापर्यंत सगळं गडद लाल. कुलूप, साबण, माझी उशी, चिठ्ठ्यांची गोष्ट, सगळं लालच लाल. धाकटीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दौतीवरची माझी चिठ्ठी गळून पडली असणार. तिथल्या इतर बाटल्यांचंही तेच झालं असेल, दोन वर्षांत मी एकही बदललेली नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. स्टेशनवर या, कुलूप एकदाच बघून निघा. घरात डिंक आहे का ते बघून ठेवा, नसेल तर आणा.

शाई बदलू नका. तोवर काही लिहावंसं वाटलं तर तिनेच लिहा.

लोभ चिकटलेला आहे, त्याला चिठ्ठी लागत नाही.

तुमची,
ही